आधी सा, मग साथ



गेल्या प्रायश्चित्तकाळातली गोष्ट आहे. शुक्रवारची क्रुसाची वाट चालू होती. बारावं स्थान आलं, सगळे गुडघ्यांवर बसले, आणि गायकवृंदाने शरणागतीचं एक भजन उचललं. हे भजन आमच्या धर्मग्रामात निदान तीस वर्षं म्हटलं जातंय. पुस्तक उघडावं लागत नाही. तिसऱ्या बाकावर एक आजी बसतात. माईकशिवाय त्यांचा आवाज देवळाच्या दारापर्यंत पोहोचतो, आणि आजूबाजूच्या बायका त्यांच्या मागोमाग गातात. त्या दिवशी आजींनी पहिली ओळ धरली, दुसऱ्या ओळीत चाचपडल्या आणि गप्प झाल्या. त्या गप्प झाल्यावर ते तीन-चार बाकही गप्प झाले. शेवटच्या कडव्याला फक्त माईकवरची पाच-सहा मुलं गात होती आणि बाकीचं देऊळ ऐकत होतं.

मुलं वाईट गात नव्हती, हे आधीच सांगतो. दोन गिटार, एक कीबोर्ड, आठवडाभराची तालीम. कुणाचा सूर लागला नाही असं झालं नाही, कुणाचा ताल सुटला नाही. तरीही बाहेर पडताना आजी आम्हाला म्हणाल्या, "बाळा, गाणं आपलंच होतं रे, पण आत शिरायला दारच सापडलं नाही."

पुढे जे झालं त्यात चूक आमची. पुढच्या बैठकीत आम्ही मुलांना नियम ऐकवला. मिस्साच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये प्रायश्चित्तकाळाबद्दल स्पष्ट म्हटलेलं आहे, की या काळात वाद्यं वाजवायची ती केवळ गायनाला आधार देण्यापुरती. आम्ही त्याचा सोयीचा अर्थ लावला आणि कीबोर्ड बंद ठेवायला सांगितलं. मुलं काही बोलली नाहीत. पुढच्या तालमीला त्यातली दोघं आली नाहीत.

मग धर्मग्रामात नेहमीचे दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, "ही परक्यांची वाद्यं देवळात हवीतच कशाला? पेटी, ढोलकी, टाळ पुरेत." दुसरा म्हणाला, "जुन्या माणसांना नवीन काही नकोच असतं. अशाने तरुण पिढी देवळात राहणार नाही." इंदूर, हैदराबाद, बडोदा किंवा आमच्या या बेळगाव भागातल्या कोणत्याही मराठी मंडळीत हा वाद तुम्ही ऐकला असेलच. आमचं मत असं, की दोन्ही पक्ष चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. प्रश्न वाद्य कोणत्या देशाचं, हा नाही. गाणारे तरुण की म्हातारे, हाही नाही. आजींना दार का सापडलं नाही, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर गाण्याच्या आत शोधावं लागतं.

एकही स्वर चुकला नव्हता

आधी आम्हाला वाटलं, पट्टी उंच झाली असेल. मुलांनी पांढरी चार धरली होती. कीबोर्डवाल्या मुलाला आम्ही घरी बोलावलं, मागच्या बोलण्याबद्दल त्याची माफी मागितली, आणि पट्टी पांढरी एकपर्यंत खाली आणली. आजींनाही बोलावलं. त्यांनी ओळ सुरू केली आणि पुन्हा तिथेच अडखळल्या. मग आम्ही कीबोर्ड थांबवून जुनी पेटी काढली, नुसता सा आणि प धरून ठेवला. आजी पूर्ण भजन गायल्या, मध्ये एकदाही न थांबता.

मग ते दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले. ते भजन भूपाच्या चालीचं आहे. भूपात पाच स्वर: सा, रे, ग, प, ध. म आणि नी नाहीत. पांढरी एक हा सा धरला की हे पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. भजनाची पहिली ओळ खालच्या धैवतावरून उठते आणि सा वर येऊन टेकते. मुलाने पाहिलं, पहिला स्वर ए, सगळ्या पट्ट्या पांढऱ्या, म्हणजे स्केल ए मायनर. गिटारचं पुस्तक हाच हिशेब शिकवतं. मग त्याने ए मायनर, एफ आणि जी या तीन कॉर्ड बसवल्या, आणि प्रत्येक शब्दाखाली त्या स्वराला जुळणारी कॉर्ड मिळाली. कानाला काही खटकत नव्हतं.

पण ए मायनर म्हणजे आपल्या भाषेत ध, सा आणि ग एकत्र, आणि त्यात सगळ्यांत खाली धैवत घुमतो. गाणारा ओळ संपवून सा वर येतो, त्याला वाटतं, आलो घरी. त्याच क्षणी खालून धैवत सांगत असतो, घर हे नाही, घर इकडे आहे. धैवतालाच घर मानलं, तर आपला सा त्या घरातला कोमल गंधार होतो. स्वर पाचही तेच राहतात, पण भूप उरत नाही, तो धानी होतो. याच पाच स्वरांत गंधाराला सा मानलं तर मालकंस मिळतो, पंचमाला सा मानलं तर दुर्गा. शास्त्रीय संगीतात याला मूर्च्छना म्हणतात आणि तो मोठा सुंदर अभ्यास आहे. मात्र बाराव्या स्थानाशी गुडघे टेकलेल्या बाईवर, तिला न सांगता, तो लादायचा नसतो.

उरलेल्या दोन कॉर्डनी आणखी एक केलं. एफ म्हणजे म, ध, सा. जी म्हणजे प, नी, रे. चालीने ज्या दोन स्वरांना कधी आत घेतलं नाही, ते म आणि नी मागच्या दाराने आले. आजींना यातलं एकही नाव ठाऊक नाही. पण तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या कानाला कळलं, की भिंती त्याच आहेत आणि दार मात्र हललंय.

घर म्हणजे काय

आपलं बहुतेक गाणं एका स्वराभोवती फिरतं. तानपुरा तो स्वर सतत धरून ठेवतो. भजनात पेटीचा भाता आणि सुराची पट्टी ते काम करते. जात्यावरच्या ओवीला वाद्य नसतं, जात्याची अखंड घरघर हाच तिचा तंबोरा. ओवी चार-पाच स्वरांतच फिरते, पण गाणारीला प्रत्येक ओळीच्या शेवटी कुठे टेकायचं ते पक्कं माहीत असतं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा आपल्या लोकांना सांगायचं ठरवलं तेव्हा त्यांनी हीच ओवी घेतली. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. जन्माने इंग्रज असलेल्या त्या याजकाला युरोपातलं अनेक आवाजांचं चर्चसंगीत परकं नव्हतं. तरी त्यांनी लोकांना नवं घर बांधायला लावलं नाही. लोक ज्या घरात गात होते, तिथे ते स्वतः राहायला गेले.

लोकधुनेला रागाचं नाव नसलं तरी तिच्या पोटात राग असतो, हे कुमार गंधर्वांनी दाखवून दिलं. त्यांचा जन्म १९२४ साली आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. पुढे आजारपणामुळे ते देवासला राहिले, माळव्याच्या बायकांची गाणी त्यांनी कान देऊन ऐकली, आणि त्या धुनांमधून नवे राग उभे केले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. आम्हाला त्यातून एवढंच घ्यायचं आहे: साधी दिसणारी धून रिकामी नसते. तिच्या आत एक रचना असते, आणि तिला साथ करणाऱ्याने आधी ती ऐकायची असते.

हार्मनी आपली नाही, असं कोण म्हणतं?

आता पहिल्या पक्षाला उत्तर देतो. वेगवेगळे स्वर एकाच वेळी वाजणं ही परकी गोष्ट असेल, तर शेजारच्या गोव्याचं काय करायचं? तिथे सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना गायन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. एकोणिसाव्या शतकात सासष्टीत बहरलेला मांडो दोन आवाजांत गातात. एक आवाज चाल धरतो, दुसरा तिसऱ्या स्वरावरून त्याच्या बाजूने चालतो, आणि साथीला व्हायोलिनबरोबर मातीचं घुमट असतं. लग्नघरातल्या बायकाही कुणी न शिकवता दुसरा आवाज लावतात. तिथे हार्मनी हेच लोकसंगीत आहे. तिथल्या कानाला घर तसंच बांधलेलं ठाऊक आहे.

त्या चर्चशाळांतूनच मुंबईच्या सिनेमासंगीतात माणसं गेली: चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विस हे माजोर्ड्याच्या चर्चमधल्या गायनमास्तरांचे चिरंजीव. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. चाल संगीतकाराची असायची, बहुतेक वेळा रागावर किंवा लोकधुनेवर बांधलेली. तिच्याभोवती व्हायोलिन, चेलो आणि बासऱ्यांचं काम ही मंडळी करत. कुठे दोन ओळींच्या मधली जागा भरायची, कुठे गायकाच्या आवाजाखालून दुसरी बारीक चाल न्यायची. ऐकणाऱ्याला वाद्यवृंद मोठा वाटतो, पण गायकाचा सा कुठे आहे याबद्दल कधी शंका येत नाही. म्हणून ती गाणी आजही कुणीही उठून, साथीशिवाय, स्वयंपाक करताना म्हणू शकतं. राग आणि हार्मनी एकत्र नांदू शकत नाहीत असं म्हणणाऱ्याने ती गाणी पुन्हा ऐकावीत.

ज्या पेटीला आपण 'आपली' म्हणतो, तिचा इतिहासही आठवावा. ती युरोपातून आली. तिच्यात मींड निघत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तिच्यावर बंदी घातली होती, आणि ती सुमारे तीस वर्षं, १९७१ पर्यंत टिकली. आक्षेपात तथ्य होतं. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या तारेतून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत अंतर असतं १०० सेंटांचं, त्यावरून फरक लक्षात येईल. पंचमात मात्र तो फरक अवघा दोन सेंटांचा. तरीही भजनी मंडळांनी आणि आपल्या देवळांनी पेटी सोडली नाही, आणि आज ती नसली तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. मग चाळीस वर्षांनी कीबोर्डबद्दलही कुणाला तसंच वाटू शकेल. परकेपणा हा निकष धरला तर आपल्या हातात टाळसुद्धा उरतील की नाही कोण जाणे.

सगळी गाणी एका जातीची नसतात

दुसऱ्या पक्षालाही एक सांगायचं आहे. तुमच्या आवडीची बरीच गाणी जन्मतःच कॉर्डवर उभी असतात. नाताळचं 'सायलेंट नाइट' घ्या, आपण सगळेच ते मराठीत गातो. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी ते पहिल्यांदा गायलं गेलं, दोन आवाजांत आणि एका गिटारच्या साथीने. म्हणजे देवळात गिटार हा कालचा थिल्लरपणा नव्हे. त्या चालीत मुख्य कॉर्ड तीनच, पण चाल त्यांच्या आधारानेच पावलं टाकते. असं गाणं आपण पेटीवर नुसतं स्वरामागे स्वर वाजवत, ढोलकीचा ठेका धरून म्हटलं, तर त्याचंही घर मोडतं. हा अन्याय आम्ही जुन्यांनी मुलांच्या गाण्यांवर पुष्कळदा केलेला आहे.

तेव्हा भेद जुन्या-नव्याचा नाही. काही चाली कॉर्डमधून जन्मतात, काही चाली एका षड्जातून जन्मतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर मराठी मंडळीला अभंग, पदं आणि भजनं दिली, ती या दुसऱ्या कुळातली. दोन्ही कुळं आपल्या देवळात आली आहेत आणि दोन्ही राहणार आहेत. गिटार हातात घेणाऱ्याला आणि पेटी उघडणाऱ्याला, समोरचं गाणं कोणत्या कुळातलं आहे, एवढं ओळखता आलं पाहिजे.

ख्रिस्तसभेच्या जुन्या गायनाकडे पाहिलं तर तीही षड्जाच्याच कुळातली निघते. ग्रेगोरियन गायन म्हणजे एकच चाल, खाली कॉर्ड नाही. त्यात टेकण्याचा एक स्वर ठरलेला असतो, आणि स्तोत्र म्हणताना ज्याच्यावर शब्द लांबवतात तो दुसरा. आपल्या मंडळींना हे समजायला वेळ लागू नये. त्या चालीला दुसरा आवाज जोडण्याची रीत नवव्या शतकातल्या 'मुझिका एन्किरिआडिस' या ग्रंथात सांगितलेली आहे. तिथला दुसरा आवाज चालीच्या चौथ्या किंवा पाचव्या स्वरावरून तिच्याबरोबर चालतो, काही ठिकाणी तर एकच स्वर धरून थांबतो. आपला तानपुरा सा आणि प छेडतो तेव्हा तो याच्या अगदी जवळ असतो. सा, ग, प अशा भरीव कॉर्डवर चाल उभी करण्यापर्यंत यायला ख्रिस्तसभेला त्यानंतर कित्येक शतकं लागली. आपण मात्र ते अंतर एका शनिवारच्या तालमीत कापायला निघतो.

आम्ही आता काय करतो

आमच्या गायकवृंदाने ठरवलेल्या काही गोष्टी सांगतो. इतर ठिकाणी उपयोग झाला तर आनंद आहे.

पहिली गोष्ट, नवीन साथ बसवण्याआधी ते भजन ज्यांना सर्वांत जास्त वर्षं पाठ आहे त्यांच्याकडून ते साथीशिवाय ऐकायचं. शेवटी त्यांना विचारायचं, "आता नुसतं गुणगुणून थांबा, जिथे बरं वाटेल तिथे." त्या जिथे थांबतात तो सा. पहिला स्वर कोणता, पट्ट्या काळ्या की पांढऱ्या, यावरून सा ठरवायचा नाही. इतक्या साध्या प्रश्नाने आमच्या तीन भजनांच्या कॉर्ड बदलल्या.

दुसरी गोष्ट, डाव्या हाताने फक्त सा आणि प धरायचा. कीबोर्डवरची तयार स्टाइल बंद, ढोलकीवाला समोर बसलेला आहे. गंधार गाणाऱ्यांच्या गळ्यावर सोपवायचा, त्यांचा गंधार पेटीपेक्षा खरा असतो. पूर्ण कॉर्ड वाजवायची ती ओळ संपते तिथे, सा वर.

तिसरी गोष्ट, चालीने जे स्वर टाळले ते साथीनेही टाळायचे. भूपात सा-ग-प ही कॉर्ड निर्धास्त वाजवावी, पण पंचमावर जायचं तर नी सोडून नुसता प आणि रे. यमनाच्या चालीत तीव्र मध्यम आहे, तिथे गिटारवाल्याचा हात सवयीने एफकडे जातो आणि शुद्ध मध्यम आणून यमन बुडवतो. त्याऐवजी डी मेजर घ्यावी, तिच्यात रे, तीव्र म आणि ध मिळतात. भैरवीत मोकळीक पुष्कळ, बाराही स्वर येऊन जातात. पण घरी परतताना ती कोमल ऋषभावरून सा वर उतरते. तिथे पुस्तकी सवयीने जी मेजर वाजली की शुद्ध रे आणि शुद्ध नी त्या उतरणीवर आडवे येतात. तिथे कोमल ऋषभावरची मेजर कॉर्ड घ्यावी, नाहीतर हात उचलावा. हे सगळं पांढरी एक हा सा धरून सांगितलं, पट्टी बदलली की नावं बदलतील, नातं तेच राहील.

चौथी गोष्ट मुलांनी शोधली, आणि ती आम्हाला सगळ्यांत आवडते. त्यांना दुसरा आवाज हवाच होता. त्यांनी भूपाच्या पाच स्वरांतच तो शोधला: चाल ज्या स्वरावर असेल, त्याच्यावरचा एक सोडून पुढचा. सा ला ग, रे ला प, ग ला ध, प ला वरचा सा. परका स्वर एकही येत नाही, आणि तरी देऊळ भरल्यासारखं वाटतं. पहिलं कडवं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, दुसरा आवाज दुसऱ्या कडव्यापासून, हलका. चाल लोकांच्या तोंडी घट्ट बसेपर्यंत त्याने थांबायचं.

कुणाच्या सुरात गातो आहोत

हे सगळं संगीताच्या वर्गाचं वाटेल, पण आमच्या दृष्टीने हा धर्मशिक्षणाचाच भाग आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी दिलेल्या घटनेत गायकवृंदांना उत्तेजन द्यायला सांगितलं, आणि त्याच परिच्छेदात सगळ्या भाविकांना आपला वाटा उचलता आला पाहिजे, हीही जबाबदारी ठेवली. पुढे असंही म्हटलं, की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान आणि जागा दिली जावी. दोन्ही सूचना हातात हात घालून येतात. लोकांची परंपरा ओळखली नाही, तर लोक गाऊ शकत नाहीत.

संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात उपासनेतल्या प्रत्येक देणगीला एकच कसोटी लावतो: तिने मंडळीची उभारणी होते का? माझं वादन किती छान झालं, हे त्या कसोटीत येत नाही. तिसऱ्या बाकावरची बाई गाऊ शकली का, हे येतं.

आणि अंत्युखियाचे संत इग्नेशियस. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, रोमला हौतात्म्याकडे जाताना, त्यांनी इफिसच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात ते याजकांची बिशपांशी असलेली एकी वीणेला जुळलेल्या तारांसारखी आहे असं म्हणतात. मग सगळ्या भाविकांना सांगतात, की तुम्ही मिळून एक गायकवृंद व्हा, सूर देवाकडून घ्या, आणि ख्रिस्ताद्वारे पित्याला गा. सूर देवाकडून घ्या, हे आम्ही आता तालमीच्या आधी आठवतो. पेटीवाल्याने गिटारवाल्याकडून घ्यायचा नाही, गिटारवाल्याने पेटीवाल्याकडून नाही. दोघांनी एकाच ठिकाणाहून घ्यायचा, मग आवाज वेगळे असले तरी चालतात.

नियमाचंही तसंच. प्रायश्चित्तकाळात वाद्यं गायनाला आधार देण्यापुरती, हे वाक्य आम्ही मुलांना गप्प करायला वापरलं होतं. आज ते आम्हाला वर्षभरासाठी योग्य वाटतं, फक्त बोट 'पुरती' या शब्दावर न ठेवता 'आधार' या शब्दावर ठेवून. आधार देणाऱ्याला समोरचा माणूस कुठे उभा आहे ते आधी पाहावं लागतं.

यंदा क्रुसाच्या वाटेला ते भजन पुन्हा म्हटलं. कीबोर्डवर सा आणि प, गिटार ओळींच्या शेवटी, दुसरा आवाज तिसऱ्या कडव्याला. आजी शेवटपर्यंत गायल्या, थोड्या मुलांच्या पुढे पुढेच. न आलेल्या दोघांपैकी एक जण परत आला आहे. दुसरा अजून आलेला नाही. त्याच्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो, पुन्हा जाणार आहोत. देवळातला एक आवाज आमच्या एका वाक्याने कमी झाला, याचा हिशेब आम्हालाच द्यायचा आहे.

हे प्रभू, तुझ्या मंडळीतल्या प्रत्येकाला तुझा सूर ऐकू येऊ दे. जे गातात त्यांना थांबून ऐकायला शिकव, जे गप्प झाले आहेत त्यांना पुन्हा गाऊ दे, आणि ज्यांना आम्ही गप्प केलं त्यांच्या दारापर्यंत आम्हाला चालत ने. आमेन.